गारठवलेली तार

३ जानेवारी १९९८, शनिवार

यंदाची डायरी खतवाल्याने फुकट दिली. पहिल्याच पानावर युरियाच्या गोणीचं चित्र आहे, त्याच्या बाजूच्या जागेत लिहितोय. बावीस वर्षांपूर्वी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला तेव्हा मास्तर म्हणाले होते, कुंडलिक, रोज काय बिघडलं ते लिहून ठेवत जा. तेव्हापासून लिहितो. आज यंत्र बिघडलेलं नाही, माणूस बिघडलाय.

बारामतीला बापूसाहेबांकडे गेलो होतो. साखर कारखान्यात केमिस्ट होते, आता रिटायर झालेत आणि दिवसभर गाणं ऐकतात. त्यांचा परदेशी सेट आहे, स्पीकर कमरेएवढे उंच. प्रत्येक स्पीकरला दोन तारा, खालच्या जाड सुरांच्या मोठ्या पडद्याला एक आणि वरच्या बारीक सुरांच्या छोट्या पडद्याला एक. नऊ वर्षांत त्या सेटला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. शिवाय बारामतीत नवं सभागृह उभं राहतंय, त्याच्या कमिटीचे ते अध्यक्ष. तिथलं आवाजाचं सगळं काम मला हवंय. जन्मभर लग्नात आणि सभेत कर्णे बांधले. सकाळी बांधायचे, संध्याकाळी सोडायचे. एक तरी काम असं करायचंय की जे भिंतीत राहील आणि पोरगी उद्या कुणाला दाखवेल, हे माझ्या वडलांनी केलंय.

तर बापूसाहेबांच्या मुलाने अमेरिकेतून स्पीकरच्या तारा पाठवल्यात. मखमली पिशवीत. सोबत एक मासिक. त्यात लिहिलंय की ही तार शून्याखाली एकशे शहाण्णव अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढली आहे, त्यामुळे तांब्याचे कण रांगेत बसले आणि आता इलेक्ट्रॉन न ठेचकाळता पळतात. बापूसाहेबांनी मला ते पोथी वाचावी तसं वाचून दाखवलं. मग गाणं लावलं. "ऐका कुंडलिकराव, वरचा सूर कसा उघडलाय."

मी ऐकलं. होतं तसंच होतं. तसं सांगितलं तर म्हणतात, "आज तुमचा कान जाग्यावर न्हाय वाटतं."

हे मला. आमच्या निमगाव केतकीत लोक माझ्याकडे रेडिओ आणतात ते मीटरच्या भरवशावर नाही, माझ्या कानाच्या भरवशावर आणतात. आणि वर कडी म्हणजे सभागृहातही असलीच तार घालायचा त्यांचा विचार आहे. विजार थंड पाण्यात भिजवून वाळवली म्हणून घालणारा जोरात पळतो काय?

६ जानेवारी, मंगळवार

साखरबाईचा टेप परत आला. भजनी मंडळाचा टेप आहे, मागच्याच आठवड्यात मी हेड साफ करून, स्क्रू फिरवून, कानाने बरोबर लावून दिला होता. म्हणाली, "आवाज गोधडीतनं आल्यावानी येतोय, झांजच ऐकू येत न्हाय." मी तिच्यासमोर लावून पाहिला. उत्तम आहे. दोष कॅसेटचा. दिल्लीच्या नकली कॅसेटा घ्यायच्या आणि मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडायची. महिन्याभरातला हा तिसरा परत आलेला टेप. लोकांचे कान वाया गेलेत.

सारजाला, म्हणजे माझ्या मंडळीला, हे सांगितलं. ती काहीतरी बोलली. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. काय म्हणालीस विचारलं की म्हणते, काय न्हाय.

९ जानेवारी, शुक्रवार

डोक्यातून तार जात नाही. प्रतिक्षाला समोर बसवलं. पोरगी बारावी सायन्सला आहे, तिला कळतं. म्हटलं, इलेक्ट्रॉन पळतो हेच मुळात खोटं. बोळातून मेंढरं चाललेली असतात, मागचीला काठी लावली की धक्का पुढच्या मेंढीला तेवढ्यात पोचतो. पण म्हणून मागची मेंढी पुढे गेली का? ती जागेवरच. आणि गाण्याचा करंट तर एकदा पुढे ढकलतो, एकदा मागे. इलेक्ट्रॉन केसभरही कुठे जात नाही, जागच्या जागी हलतो. तो कसला ठेचकाळतोय!

प्रतिक्षा म्हणाली, थंडीत तारेचा अडथळा कमी होतो हे मात्र पुस्तकात आहे. म्हटलं, होतो ना, थंड आहे तोवर होतो. तांब्याच्या कणांची थरथर थांबते म्हणून होतो. तार बाहेर काढली, तापली, की थरथर परत सुरू. थंडी काय तिच्या लक्षात राहते का?

तर म्हणे, "मग आप्पा, मोजून बघा की. नुसतं चिडून काय व्हतंय?"

पोरगी माझीच आहे.

११ जानेवारी, रविवार

काटेवाडीला दादासोकडे गेलो. दादासो म्हणजे सारजाचा भाऊ. तिथल्या दूध संस्थेत गाई भरवायचं काम करतो. बैलाच्या रेताच्या कांड्या त्याच्या ॲल्युमिनियमच्या मोठ्या थर्मासात ठेवलेल्या असतात, आणि त्या थर्मासात असतो तो नायट्रोजन. अमेरिकेत ज्याची मखमली पिशवी करतात तो आमच्याकडे मोटारसायकलला बांधून गोठ्यागोठ्यातून फिरतो.

तार बुडवू दे म्हटल्यावर दादासो भडकला. "दाजी, ही काय भजी तळायची कढई हाय व्हय? गरम वस्तू घातली की उकळून उडून जातं. कांड्या मेल्या तर लोकांच्या गाई मोकळ्या राहतील, मग माझ्या दारात येत्याल." त्याचं खरं होतं, पण मला बोलायची ही पद्धत नव्हे. शेवटी नायट्रोजनची गाडी आली तेव्हा त्याने थर्मास भरून घेतला आणि वरचा उरलेला एका थर्माकोलच्या खोक्यात ओतून दिला.

मी ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारेचं रीळ नेलं होतं. मीटरवर ऐंशी ओहम. खोक्यात सोडलं, धूर निघाला, मीटर उतरत उतरत दहावर आला. आठव्या हिश्श्यावर! दादासोसुद्धा वाकून बघायला लागला. मग रीळ काढून उन्हात ठेवलं, चहा प्यालो, परत मोजलं. ऐंशी. एक ओहम इकडे नाही की तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की दादासोचा चहाही गोड लागला, एरवी तो काढाच असतो.

नंतर माझ्याकडच्या स्पीकरच्या तारांपैकी एक जोडी त्यात सबंध बुडवून ठेवली. दुसरी तशीच्या तशी. दोन्ही एकाच गुंडाळीतून कापलेल्या, दिसायला जुळ्या. बुडवलेलीला आत एक गाठ मारली, ती फक्त प्रतिक्षाला माहीत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बापूसाहेबांना तिळगूळ दिला आणि गोड न बोलता आव्हान दिलं. म्हटलं, या दोन जोड्या, एक गारठवलेली, एक साधी. ओळखा. पण डोळ्यांनी नाही.

आमच्यात जुनी रीत आहे. माझा बाप बिरदेव. आम्ही त्याला आबा म्हणायचो. मी चौदा वर्षांचा होईपर्यंत आमची मेंढरं होती. म्होरक्या मेंढ्यांच्या आणि कोकरांच्या गळ्यात मिळून अकरा घंटा, प्रत्येकीचा आवाज निराळा. पोराला राखणीला एकटं सोडायच्या आधी आबा त्याच्या डोक्यावर घोंगडी टाकायचा आणि एकेक घंटा वाजवायचा. कुठली कुणाची ते सांगायचं. चुकला तो मोठ्यांबरोबरच राहिला. अंधारात मेंढी चुकली तर डोळा कामाला येत नाही, कान येतो. मी आठव्या वर्षी अकराच्या अकरा सांगितल्या होत्या. भावकीत अजून कुणी तेवढ्या लवकर सांगितलेल्या नाहीत. त्या घंटा अजून माझ्या दुकानात पत्र्याच्या डब्यात आहेत.

तर म्हटलं, बापूसाहेब, घोंगडी घ्या. सोळा खेपा. चिठ्ठी काढून प्रतिक्षा तारा बदलेल. बारा बरोबर आल्या तर सभागृहात तुमची तार, आणि मी जन्मभर गप्प. नाही आल्या तर साधी तार, आणि काम माझं.

बापूसाहेब हसले. "मान्य," म्हणाले. "फकस्त माझ्यानंतर तुमीबी बसायचं घोंगडीखाली."

बसेन की. फरक नाहीच आहे, तर मला काय ऐकू येणार?

२० जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी उसाच्या कडेने फिरून आलो. यंदा एकही रातकिडा नाही. पूर्वी कडुसं पडलं की कान किटायचे. आता एवढी औषधं मारतात की किडाच राहिला नाही, उद्या माणूस राहणार नाही. घरी येऊन बोललो तर सारजा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हटलं, यात बघायचं काय? पंचायतीला अर्ज द्यायला पाहिजे.

मागच्या दिवाळीत घेतलेल्या हातातल्या घड्याळाचा गजरही गेला. नुसता काटा सरकतो, पिकपिक नाही. चिनी माल.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदन. माईक माझा. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि समोरच्या पोरांनी कानांत बोटं घातली. मग मास्तरांनी. मग चक्क सरपंचांनी! भाषण कंटाळवाणं होतं हे मान्य, पण प्रजासत्ताक दिनाला पाहुण्याचा असा अपमान? मी बाजूला उभा राहून नुसता जळत होतो. शेवटी प्रतिक्षा धावत आली आणि माझ्या हाताखालून ॲम्प्लिफायरचं बटण कमी केलं. माईक शिट्टी मारत होता म्हणे. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, कसली शिट्टी? पोरीला चार लोकांत काही बोललो नाही, घरी येऊन बोललो. ती रडली. बारावीचं टेन्शन असणार.

१ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण आज मी जिंकलो.

मी, प्रतिक्षा आणि साक्षीला दादासो, तिघे सकाळच्या एसटीने बारामतीला. बापूसाहेबांनी दिवाणखाना झाडूनपुसून ठेवला होता, एका बाईंचं गाणं लावायला काढलं होतं, मागे तानपुरा. आबाची घोंगडी मी पिशवीतून काढली. बापूसाहेबांनी ती नाकाला वास येत असूनही मुकाट्याने अंगावर घेतली, हे मान्य करायला पाहिजे. एरवी त्यांना इस्त्रीशिवाय रुमाल चालत नाही.

सोळा खेपा झाल्या. प्रतिक्षा चिठ्ठी काढायची, स्पीकरमागे जाऊन तारा बदलायची, दादासो लिहून घ्यायचा. प्रत्येक खेपेला बापूसाहेब ठासून सांगायचे, ही गारठवलेली, सूर उघडलाय. ही साधी, सूर बंद आहे. शेवटी चिठ्ठ्या जुळवल्या. सात बरोबर, नऊ चूक. नाणं उडवलं असतं तर आठ आले असते!

मी दादासोचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. बापूसाहेबांनी मासिक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मी केमिस्ट माणूस. मला हे आधीच मोजायला सुचाया पायजे व्हतं." बरं वाटलं. मग म्हणाले, आता तुम्ही.

मी घोंगडी घेतली. आबाचा वास अजून आहे तिला. गाणं सुरू झालं. पहिली खेप, दुसरी, तिसरी. मी सांगत गेलो, तीच. तीच. फरक नाही. आठ झाल्या. नवव्याला जरा खुडबुड झाली, मग गाणं सुरू झालं. तीच. दहावी. तीच. मला वाटतं अकराव्याला दादासो काहीतरी बोलायला गेला आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मी सोळाच्या सोळा खेपा एकच उत्तर दिलं, आणि तेच खरं उत्तर होतं.

घोंगडी काढली तर तिघेही माझ्याकडे बघत होते. हरलेल्या माणसाचं तोंड असतं तसं बापूसाहेबांचं नव्हतं, निराळंच काहीतरी होतं. त्यांनी हळू विचारलं, "कुंडलिकराव, नवव्या खेपेपासनं काय येगळं वाटलं का?" मी म्हटलं, काडीचंही नाही. ते उठून आत गेले आणि स्वतः चहा घेऊन आले. नोकर असताना.

निघताना माझं लक्ष गेलं, दोन्ही स्पीकरमागे वरच्या सुरांच्या तारा सुटून लोंबत होत्या. प्रतिक्षाला म्हटलं, उठताना तुझा पाय लागला बघ, नीट जोडून ठेव, परक्याचा सेट आहे. तिने मान खाली घालून जोडल्या. एसटीत सबंध वाटेत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. दादासोही माझ्याकडे बघेना. मी जिंकलो तर यांना सुतक का यावं?

५ फेब्रुवारी, गुरुवार

बापूसाहेबांची चिठ्ठी आली, एसटीच्या कंडक्टरबरोबर. इथे उतरवून ठेवतो म्हणजे पुढे कुणी मला खोटं म्हणायला नको.

"कुंडलिकराव, तारेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. सभागृहात साधीच तार घालू. पण आवाजाचं काम पुण्याच्या मंडळींना देतोय. राग मानू नका. पुण्यात कानाचे एक चांगले डॉक्टर आहेत, माझ्या ओळखीचे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी स्वतः सोबत येतो."

राग मानू नका! हरलेला माणूस जिंकलेल्याला डॉक्टरकडे धाडतो! दिलेला शब्द मोडायचा, आणि वरून माझ्या कानावर चिखल उडवायचा. शिकल्यासवरल्या माणसाचा सूड असा असतो, हातात मऊ कागद देऊन. नऊ वर्षं या माणसाच्या सेटसाठी मी सण पाहिला नाही, वार पाहिला नाही. भिंतीत राहणारं एक काम मागितलं होतं. मी सारजाला म्हटलं, आता त्यांचा उंबरा चढणार नाही. ती मोठ्याने, अगदी गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आवं, जाऊन तर या डागतरकडं."

म्हणजे हीसुद्धा त्यांना सामील.

८ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. आज जेवणं झाल्यावर प्रतिक्षा दुकानात आली. हातात घोंगडी आणि काखेत घंटांचा पत्र्याचा डबा. म्हणाली, "आप्पा, तुमचा कान खरा हाय म्हणता न्हवं? मग बसा. आबानं घेतली तशीच परीक्षा. अकरा बरोबर आल्या तर मी सोता बापूसाहेबांकडं जाऊन भांडते."

मला हसू आलं. सत्तेचाळीस वर्षांचा बाप बाकावर घोंगडी पांघरून बसला. सारजा दाराशी येऊन उभी राहिली.

पहिली घंटा वाजली. म्हटलं, म्होरकीची, पितळी. दुसरी, आखूड कानांच्या कानीची. तिसरी, लंगड्या मेंढीची, तिला चीर आहे. एकेका आवाजाबरोबर ती मेंढी डोळ्यांपुढे उभी राहत होती, आबासुद्धा उभा राहत होता. सहा बरोबर आल्या. सातवी जरा लांबून वाजल्यासारखी वाटली, पण ओळखली. मग प्रतिक्षा थांबली.

मी वाट पाहिली. घोंगडीत उकडत होतं. म्हटलं, वाजव की. काहीच नाही. म्हटलं, दमलीस का, चार राहिल्यात, कोकरांच्या. तरी काही नाही. पोरगी चेष्टा करतेय असं वाटून मला राग आला आणि मी घोंगडी खसकन ओढून काढली.

प्रतिक्षाच्या हातात कोकराची बारकी घुंगरी होती. माझ्या तोंडापासून वीतभर. ती हलत होती. आतला खडा दिसेल इतकी जोरात हलत होती, आणि पोरीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"कवापासनं वाजवतीयस?" मी विचारलं.

"तुमी 'वाजव की' म्हणायच्या आधीपासनं."

मी घुंगरी तिच्या हातातून घेतली. कानाला लावून हलवली. मग दुसऱ्या कानाला. मग बाकीच्या तीन. मला राग आलेला होता तो तसाच होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. कर्ण्यांवर काढावा तर ते मीच बांधले, बावीस वर्षं त्यांच्या तोंडाशी मीच उभा राहिलो. सारजाकडे बघितलं. विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "आणि रातकिडं?"

ती आत आली, माझ्याजवळ बसली आणि तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाली, "हायती की. रोज हायती."

लक्षात यायला नको होतं तेवढं सगळं एकामागोमाग लक्षात येत गेलं. घड्याळ. झेंडावंदन. लोंबणाऱ्या दोन तारा. तार गारठवून काही होत नाही हे मी सिद्ध केलं, ते खरंच आहे, कुणीही मोजून घ्यावं. पण त्या दिवशी नवव्या खेपेपासून निम्मं गाणं बंद होतं आणि मी घोंगडीखाली बसून सोळा वेळा 'तीच' म्हणालो.

बापूसाहेबांना उत्तर लिहायचंय. बुधवारी येतो, एवढंच लिहीन. त्याआधी उद्या सकाळी साखरबाईकडे जाऊन टेप परत मागून आणायचा आहे. हेड चुकीचं लागलंय, माझ्याच हाताने. स्क्रू मी फिरवीन, कुठे थांबायचं ते प्रतिक्षा सांगेल.